आत्ताच होता!

बोनेअर बेटाभोवतीचं पाणी, भरतीच्या रेषेपासून थेट 60 मीटर खोलीपर्यंत, 1979 पासून सागरी उद्यानात मोडतं. त्यातला मासा, प्रवाळ, शंख, शिंपला, काहीही कोणा एकाचं नाही, असं कायदा म्हणतो. कायद्याने कार्पाटाच्या पायऱ्यांवर रोज सकाळी येऊन बसणारा माणूस पाहिलेला नाही. पाहिला असता, तर सातबाऱ्यावर निदान ‘इतर हक्कां’त तरी त्याचं नाव चढवलं असतं.

आपण त्याला जाणकार म्हणू. खरं नाव सांगून उपयोग नाही. कॅरिबियन समुद्रात जिथे जिथे ‘सराईत पोहणाऱ्यांनीच उतरावं’ असा शेरा मिळालेला किनारा आहे, तिथे तिथे हा माणूस निरनिराळ्या नावांनी बसलेला असतो. सेंट जॉन बेटावर ‘वॉटरलेमन के’कडे जाणाऱ्या पायवाटेच्या टोकाशी असतो, कुरासावच्या आडबाजूच्या खडकांवर असतो. वाळूच्या सपाट किनाऱ्यावर, जिथे आईबाप पोरांच्या दंडांना फुगे बांधून त्यांना गुडघाभर पाण्यात सोडतात, तिथे मात्र तो सापडायचा नाही. तिथे त्याला विचारतं कोण? त्याला खडक लागतो, लाट लागते, पाण्याला थोडी ओढ लागते, आणि काठावर उभं राहून ‘जावं की न जावं’ असा चेहरा केलेली चार माणसं लागतात.

ती चार माणसं आम्ही होतो. ह्यूस्टनहून आलो होतो: मी, बायको, आमचा साताऱ्याचा मित्र आणि त्याची बायको.

जाणकाराचं वय सत्तरच्या आगेमागे. अंगात लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, कधीकाळी निळा असावा. चेहरा उन्हाने रापून तांबूस झालेला आणि डोळ्यांभोवती तेवढा मास्कच्या आकाराचा गोरा चौकोन. त्यामुळे मास्क काढला तरी त्याने तो घातलाय असंच वाटत राहतं. मिशा होत्या, त्या त्याने समुद्राला वाहिल्या. मिशीच्या फटीतून मास्कमध्ये पाणी शिरतं. लग्नाच्या आधीपासून जपलेली मिशी एका सकाळी काढून टाकली, हे तो अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याने आपल्या मिशीवरचा हात चटकन खाली घ्यावा. पेशाने दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. गाव नेब्रास्कात, म्हणजे जिथून कुठल्याही दिशेला गाडी हाकली तरी समुद्राचं नखही दिवसभरात दिसत नाही अशा मुलखात. समुद्रावर एवढा जीव त्याच मुलखातल्या माणसाचा जडू शकतो. आमच्या ओळखीचे मालवणचे लोक समुद्राकडे पाठ करून बसतात.

कार्पाटाला पोचण्याची वाटच अशी आहे की माणूस आयता त्याच्या तावडीत सापडतो. क्रालेंडाइकहून उत्तरेला निघालं की रस्त्याच्या कडेने पिवळे रंगवलेले दगड लागत जातात. एकेका दगडावर एकेका जागेचं नाव. दगडाशी गाडी लावायची, खाली उतरायचं, पाण्यात शिरायचं. होडी नको, खिडकीवरची रांग नको. वर्षाचं 40 डॉलर निसर्गशुल्क एकदा भरलेलं असलं की झालं. गाडीला कुलूप घालू नका आणि आत रुमालसुद्धा ठेवू नका, असं भाड्याने गाडी देणाराच बजावतो. चोराने आत डोकावून निराश होऊन जावं, काच फोडून निराश होऊ नये, हा त्यातला हिशोब. वाटेत ‘एक हजार पायऱ्या’ नावाची जागा लागते. पायऱ्या सत्तरच्या आसपास आहेत. बाकीच्या त्या पाठीवर हवेची टाकी घेऊन वर येणाऱ्यांनी मोजलेल्या. त्याच्या थोडं पुढे रस्ता एकमार्गी होतो. आता मागे फिरता येत नाही. एका बाजूला निवडुंग आणि कपार, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि परतायचं तर रिंकॉन गावाला वळसा घालून. एकेकाळी कोरफडीची लागवड असलेल्या कार्पाटाच्या जुन्या वाड्यापाशी तुम्ही गाडी लावता, समोरच्या पायऱ्यांवर जाणकार मान वळवून बघतो, आणि तुम्हाला पळायला रस्ता उरलेला नसतो.

“आत्ताच होता,” तो म्हणाला. नमस्कार नाही, सुप्रभात नाही.

“कोण?”

“ईगल रे. ठिपक्यांचा. इथे, या पायरीच्या खाली. तुम्ही गाडीचं दार लावलंत ना, तेव्हा.”

ईगल रे म्हणजे आपल्याकडच्या पाकटाचा भाऊबंद; काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, पाण्यात पंख हलवत जाणारा, स्नॉर्केलिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या इच्छांच्या यादीत वरचा. तो आमच्या दार आपटण्याने गेला असं ऐकल्यावर मित्राच्या बायकोचा चेहरा पडला. दार तिने लावलं होतं.

मग उलटतपासणी सुरू झाली.

“पोहता येतं?”

“येतं की,” मित्र म्हणाला.

“कुठे शिकलात?”

“विहिरीत.”

जाणकाराने हे नवीन ऐकलं असावं. मित्राने त्याला सविस्तर सांगितलं: पाठीला वाळलेला भोपळा बांधतात, काठावर उभं करतात, आणि काका मागून ढकलतात.

“तुमच्या विहिरीत लाटा असतात?”

“काका ढकलायचे तेव्हा एक यायची.”

“आणि ओढ?”

“होती. खाली.”

जाणकाराने थोडा विचार केला आणि आम्हाला ‘अननुभवी’ या रकान्यात टाकलं. तो चुकला नव्हता. विहिरीत माणूस जिथे पडतो तिथेच वर येतो. समुद्रात तसं नसतं, आणि कार्पाटाला तर मुळीच नसतं. पायऱ्या संपतात तिथे सिमेंटचा एक मोडका चौथरा आहे, त्याच्या आजूबाजूला खडक, आणि त्या खडकांमध्ये लाटा आत-बाहेर करत असतात. नवखा माणूस फिन्स चढवून त्या चौथऱ्यावर चालायला बघतो, आणि पहिल्याच पावलाला स्वतःच्याच पायावर पाय देऊन बसतो.

तेव्हा जाणकाराने व्याख्यान सुरू केलं. लाटा टोळीने येतात. तीन-चार दांडग्या जाऊ द्या, मग थोडी उसंत मिळते, त्या उसंतीत सुटा. फिन्स पाण्यात गेल्यावर चढवा. काठावर चढवल्याच असतील तर उलटे चाला. मास्कच्या काचेवर आतून थुंका, धुवा, म्हणजे धुकं धरत नाही. (थुंकी नीट पसरली की नाही ते त्याने तपासलं, आणि नळीचा चावा दाढांमध्ये बरोबर बसतो का हे बघायला आम्हाला ‘आ’ करायला लावलं, निवृत्ती कागदावर असते.) आधी ओढीच्या विरुद्ध पोहा, म्हणजे दमल्यावर परत यायला समुद्रच हात देतो. उतरलात ती जागा वळून एकदा नीट बघून ठेवा, पाण्यातून सगळे खडक एकाच आईचे दिसतात. हातमोजे चालणार नाहीत, इथे बंदी आहे. हातमोजे घातले की माणसाला हात लावावासा वाटतो. उन्हाचं मलम कुठलं? आमची बाटली त्याने चष्मा लावून वाचली. ऑक्सिबेन्झोन असलेली मलमं 2021 पासून बेटावर बंद आहेत. आमची बाटली पास झाली, पण ‘काठावर’, असं त्याने बजावलं.

या सगळ्यात एक शब्दही चुकीचा नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. जाणकाराची चेष्टा करणं सोपं आहे आणि मी ती करणारच आहे, पण त्याचं ऐकून पाण्यात उतरलेली माणसं सगळी घोटे शाबूत ठेवून बाहेर येतात. आमची चौथी व्यक्ती, म्हणजे माझी बायको, पुण्याच्या टिळक तलावावर वाढलेली. ती कोणाला काही न सांगता, व्याख्यान ओढीपर्यंत यायच्या आत, एका उसंतीत पाण्यात गेलेलीसुद्धा होती. जाणकाराला ते मागाहून कळलं. “त्या कुठायत?” त्याने विचारलं.

“वहिनी आत्ताच होत्या,” मित्र म्हणाला.

पाण्याखालचं सांगायचं तर कार्पाटाला फार लांब पोहावं लागत नाही. चौथऱ्यापासून थोडंसं पुढे गेलं की उथळ पाणी सरतं आणि तळ उतरत उतरत निळ्यात नाहीसा होतो. त्या कडेवर नुसतं तोंड खाली घालून पडून राहावं. पहिल्यांदा ऐकू येतं ते करकर चावणं. पॅरटफिश खडक खात असतात. खडकावरचं शेवाळ हवं असतं, पण चोच अशी दणकट की शेवाळाबरोबर खडकही पोटात जातो, दळला जातो आणि मागून पांढरी वाळू होऊन पडतो. कॅरिबियनच्या जाहिरातींतल्या वाळूवर पाय पसरून पडलेल्या जोडप्यांना हे कोणी सांगत नाही. निळ्या टँगांचा थवा आला, आम्हाला मधोमध घेऊन गेला. ट्रंपेटफिश नावाचा काटकुळा मासा डोकं खाली करून समुद्रपंख्यांच्या देठांत उभा होता, आपण देठच आहोत अशी त्याची खात्री दिसली. फ्रेंच एंजलफिशची जोडी गेली. ते बहुधा जोडीनेच फिरतात, आणि आमच्या दोन जोडप्यांपेक्षा एकमेकांना जास्त धरून होते. एका तळहाताएवढ्या डॅमसेलफिशने मित्राच्या मास्कवर धडका दिल्या. हा मासा खडकाच्या तुकड्यावर शेवाळ राखतो, तण काढतो, आणि कोणी जवळ आला की आकार न बघता अंगावर जातो. मित्राने पाण्याबाहेर तोंड काढून मला ओरडून सांगितलं, “शेतकरी आहे रे!” आणि मग एक कासव. हॉक्सबिल जातीचं, चोचीने स्पंज ओरबाडत होतं. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि जेवण पुढे चालू ठेवलं.

बाहेर आलो तेव्हा आमच्या अंगात मावत नव्हतं. पायऱ्यांवर जाणकार टॉवेल घेऊन बसलेलाच होता.

“काय पाहिलंत?”

“कासव!”

“एकच?”

“पॅरटफिश, केवढे तरी.”

“ते असतातच.”

“स्क्विड! सात-आठ, एका ओळीत.”

इथे तो थोडा हलला. पण लगेच सावरला. “ओळीच्या शेवटी लहान होतं का एक? नव्हतं? मग ती दुसरी टोळी. त्या टोळीत लहान आहे. आत्ताच होती.”

मित्राने फ्रॉगफिशबद्दल विचारलं. बोनेअर फ्रॉगफिशसाठी प्रसिद्ध आहे. तो स्पंजावर स्पंज होऊन बसतो आणि समोरून शंभर माणसं पोहत गेली तरी दिसत नाही. जाणकाराने त्याच्याकडे करुणेने पाहिलं. “तुम्ही त्याच्या वरूनच गेलात,” तो म्हणाला. हे कोणाला खोटं पाडता येणार आहे? जगातल्या कुठल्याही माणसाला, कुठल्याही क्षणी, तो फ्रॉगफिशच्या वरून गेला असं सांगता येतं. जाणकाराचं सगळं राज्य या एका वाक्यावर उभं आहे.

त्याची बायको वर रस्त्यावर, पिकअपच्या सावलीत, घडीच्या खुर्चीत जाड कादंबरी घेऊन बसते. बाई पाण्यात उतरत नाहीत. पहिल्या वर्षी उतरल्या होत्या, म्हणाल्या, आणि जे बघायचं ते बघून झालं. माझ्या बायकोने त्यांना विचारलं, काल साहेबांनी काय काय पाहिलं? त्यांनी कादंबरीत बोट घालून ती मिटली. “काल पाणी गढूळ होतं. दोन तास पोहला आणि एक फिन घेऊन आला. कोणाची तरी वाहून आलेली. डाव्या पायाची.”

“मग?”

“मग काय. म्हणाला, उजवी आत्ताच होती.”

एवढ्यावरून तुम्ही त्याला थापाड्या ठरवाल, तर थांबा. जाणकाराकडे एक पाटी असते. प्लास्टिकची, पाण्यात शिसपेन्सिलीने लिहिता येते अशी. पॉल ह्युमन आणि नेड डिलोच यांचं मासे ओळखण्याचं पुस्तक त्याच्या पिकअपमध्ये असतं, मिठाने फुगून दुप्पट झालेलं. आणि प्रत्येक पोहणं संपलं की तो पाटीवरची नोंद फ्लोरिडातल्या रीफ या संस्थेच्या मत्स्यगणनेसाठी पाठवतो. ही गणना त्याच्यासारखे हजारो हौशी लोक करतात. मासे एकेक मोजायचे नसतात. वर्ग ठरलेले आहेत. एक दिसला तर ‘एक’, दोन ते दहा ‘थोडे’, अकरा ते शंभर ‘पुष्कळ’, त्यावर ‘विपुल’. जाणकार माणसांनाही याच मापाने मोजतो. आम्ही चौघं त्याच्या लेखी ‘थोडे’ होतो. मोठं प्रवासी जहाज धक्क्याला लागलं आणि गावात माणसं ‘विपुल’ झाली, की तो सरळ उत्तरेकडच्या वॉशिंग्टन स्लागबाई उद्यानात निघून जातो, जिथे कच्च्या रस्त्यावर गाडीची हाडं मोजून घ्यावी लागतात आणि गर्दी सरड्यांचीच असते.

तर ती पाटी. मी ती एकदा हळूच वाचली. पायऱ्यांवर आम्ही ऐकलेल्या पाकटांपैकी, शार्कांपैकी, समुद्रघोड्यांपैकी एकही तिच्यावर नव्हता. होते ते साधे सार्जंट मेजर, निळे टँग, ट्रंपेटफिश, आणि एका ठिकाणी ‘कासव’ लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे कासव असावं, पण खडकही असू शकेल. पायऱ्यांवर कवी असलेला हा माणूस पाटीवर दातांचा डॉक्टर होता. किडका नसलेल्या दाताला त्याने किडका म्हटलेलं नव्हतं.

त्याला कोणी भीत नाही असं नाही. त्याला एक डच बाई भितात आणि त्या बाईंना तो भितो. बाई निवृत्त शिक्षिका. बोनेअर 2010 च्या ऑक्टोबरपासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, त्यामुळे बाईंना आपण परगावी आलोय असंच वाटत नाही. दोघं पायऱ्यांवर समोरासमोर आले की वाद मासे किती पाहिले यावर होत नाही. तुम्ही कधीपासून येता, यावर होतो. आणि तेही वर्ष सांगून नाही. पुण्यात जुनी माणसं जशी पानशेतच्या पुराच्या आधीची आणि नंतरची असतात, तशी इथली माणसं संकटांवरून वयाने लहानमोठी ठरतात.

नवशिके लायनफिशच्या नंतरचे. हा मासा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. बोनेअरला 2009 मध्ये पोचला आणि दिसेल ते पिल्लू गिळत सुटला. 1971 पासून भाल्याने मासे मारायला इथे बंदी असूनही लायनफिशपुरता अपवाद करावा लागला. त्याच्या आधीचे ते लेनीच्या आधीचे. 1999 च्या नोव्हेंबरातलं लेनी हे वादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे उलटं निघालं. बोनेअर वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून दूर, वारा बारमास पूर्वेचा, म्हणून पश्चिमेचा सगळा किनारा निवांत. तोच किनारा लेनीच्या लाटांनी झोडपला आणि उथळातलं प्रवाळ मोडून टाकलं. जाणकार लेनीच्या आधीचा. हे तो छाती काढून सांगतो.

“लेनी?” डच बाई म्हणतात. “मी अर्चिन मेले त्याच्या आधीची.”

इथे जाणकार खलास होतो. 1983 मध्ये काळ्या लांब काट्यांच्या सी-अर्चिनांना पनामाजवळ कसला तरी रोग लागला आणि वर्षभरात प्रवाहांबरोबर तो सगळ्या कॅरिबियनमध्ये फिरला. शेकडा नव्वदांहून जास्त अर्चिन मेले. पायात काटे मोडणारे हे त्रासदायक प्राणी गेले म्हणून पोहणाऱ्यांना आधी बरंच वाटलं असणार. पण खडकावरचं शेवाळ तेच चरत होते. ते गेले, शेवाळ माजलं, आणि प्रवाळाला बसायला जागा उरेना. आता चरायला राहिले ते मुख्यतः पॅरटफिश. म्हणून 2010 पासून इथे पॅरटफिश पकडायला मनाई आहे. जाणकार ही हकिगत सांगतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. बेटाची सगळी मदार एका जबड्यावर आहे, ही गोष्ट दातांच्या डॉक्टरला आतून पटलेली आहे.

“अर्चिन असताना कार्पाटा कसं होतं?” मित्राने बाईंना विचारलं.

बाईंनी बोट दाखवलं. चौथऱ्याच्या उजवीकडे उथळ पाण्यात एल्कहॉर्न प्रवाळाचे जाडजूड फाटे आहेत, काही उभे, बरेच आडवे, करड्या रंगाचे. आम्ही चौघं त्यांच्यावरून पोहून आलो होतो आणि ‘काय खडक आहेत!’ म्हणून एकमेकांना दाखवलेही होते. ते खडक नव्हते. मेलेलं प्रवाळ होतं. “हे सगळं पिवळं होतं,” बाई म्हणाल्या. “पायरीपासून. पोहायला वाट शोधावी लागायची.”

जाणकार काही बोलला नाही. त्याने ते पाहिलेलं नव्हतं. तो उशिरा पोचला होता. सगळ्यांना ‘आत्ताच होता’ म्हणून सांगणाऱ्या माणसाला कोणीतरी ‘आत्ताच होतं’ म्हणून सांगत होतं. मला त्याची दया आली असती, पण त्याने लगेच बादली पुढे ओढली.

या बादलीबद्दल सांगायलाच हवं. 2023 मध्ये दगडी प्रवाळांना लागणारा एक संसर्ग बोनेअरला पोचला. काही जातींची कितीतरी वर्षांची वसाहत तो महिन्या-दोन महिन्यांत पांढरी करतो. तेव्हापासून जाणकार पिकअपमधून जंतुनाशकाची बादली आणतो आणि पाण्यात जाणाऱ्या-येणाऱ्याला फिन्स आणि मास्क त्यात बुचकळायला लावतो. त्याला हे काम कोणी दिलेलं नाही. एक तरुण जोडपं ‘आमचं सामान नवीन आहे, खोक्यातून आत्ताच काढलंय,’ म्हणालं. जाणकार पायरीवर आडवा बसला. सामान बुचकळलं गेलं.

आमच्या शेवटच्या सकाळी मित्राने त्याला कोंडीत पकडायचं ठरवलं. आम्ही पहाटेच निघालो, दारं आवाज न करता लावली, आणि जाणकाराच्या आधी पायऱ्यांवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो आला, आमच्याकडे पाहून दचकला, आणि बादली खाली ठेवून शेजारी बसला. आता ‘आत्ताच होता’ म्हणायची सोय नव्हती. आत्ता आम्हीच होतो. सगळे समुद्राकडे बघत बसलो. पाणी काचेसारखं स्वच्छ, तळाचा खडा न् खडा दिसत होता. जाणकार चुळबुळत होता. गप्प बसायची त्याला सवय नव्हती. मिशा असत्या तर त्याने त्या ओढल्या असत्या.

आणि तो आला. चौथऱ्याच्या डाव्या अंगाने, वरच्या वर, पंख हलवत, पाठीवरचे पांढरे ठिपके मोजून घ्यावेत इतक्या जवळून. ईगल रे. आम्ही चौघं एकदम उठलो. मित्राच्या बायकोने नवऱ्याचा दंड इतक्या जोरात धरला की तो ओरडला. पायऱ्यांवरून खाली बघताना रेची शेपटी चौथऱ्यापासून पार खडकांपर्यंत दिसत होती. वर पिकअपपाशी बाईंनीसुद्धा कादंबरी खाली ठेवली होती, हे मला नंतर बायकोने सांगितलं.

जाणकार बसल्या जागी बघत राहिला. रे वळला, निळ्यात गेला. मग त्याने पाटी काढली, ‘ईगल रे’ लिहिलं आणि पुढे ‘एक’. पेन्सिल खोचली.

“लहान आहे,” तो आम्हाला म्हणाला. “नेहमीचा नव्हे हा. नेहमीचा मोठा.”

मित्राला राग आला होता, पण तो व्यक्त करायला वेळ मिळाला नाही. वर गाडी थांबली, दार धाडकन लागलं, आणि टॉवेल-नळ्या सावरत तीन माणसं पायऱ्या उतरायला लागली. चेहरे तेच, ‘जावं की न जावं’.

“आत्ताच होता!” जाणकार उठून उभा राहत म्हणाला. “ईगल रे. इथे, या पायरीच्या खाली. हे बघा, साक्षीदार आहेत!”

तिघांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही माना हलवल्या.

“किती मोठा?” त्यांच्यातल्या पोरीने विचारलं.

पाटीवर आकाराचा रकाना नसतो. मित्राने आधी जाणकाराकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि दोन्ही हात ताणून पसरले. जाणकार त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि मित्राच्या बोटांच्या टोकाला त्याने आपला हात जोडला.